तेव्हा पोट धरून हसलो, आता हसू का येत नाही?

ताई, नमस्कार.

वय चव्वेचाळीस. प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल, पण त्यावरून घरात अबोला आहे. हॉस्टेलच्या दिवसांत 'अमेरिकन पाय' हा सिनेमा म्हणजे आमचा जीव की प्राण. दहाबारा पोरं एका कॉम्प्युटरभोवती कोंडाळं करून बघायचो, संवाद तोंडपाठ होते. मध्यंतरी एका रात्री मी हौसेने बायकोला म्हटलं, बघ तरी, आम्ही कशावर लोळून हसायचो. सुरुवातीला तीही हसली. मग तो वेबकॅमचा प्रसंग आला आणि ती गप्प झाली. खरं सांगायचं तर मलाही हसू येईना, तरी मी उसनं हसत राहिलो. सिनेमा संपल्यावर तिने विचारलं, "तूही तेव्हा या पोरांसारखाच होतास का?" मी म्हणालो, "सिनेमा आहे गं, एवढं काय मनावर घेतेस." तेव्हापासून ती तो विषय काढत नाही, आणि माझ्याबरोबर सिनेमाला बसायचंही टाळते.

मित्रांना सांगितलं तर त्यांचं म्हणणं, हल्ली लोकांना विनोदच पचत नाही, असले सिनेमे आता निघूच शकत नाहीत. पुढच्या महिन्यात आम्ही सगळे जोडीने भेटणार आहोत आणि त्या रात्री 'तसलाच' एखादा धमाल सिनेमा लावायचं घाटतंय. मी म्हातारा झालोय का? की सिनेमाच वाईट होता? तेव्हा हसलो ते चुकलं का? आणि भेटीच्या रात्रीचं काय करू?

— एक वाचक

नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही प्रश्नांची रांग लावली आहे, पण सगळ्यांत मोठा प्रश्न तुमच्या बायकोने विचारलाय आणि त्याचं उत्तर अजून तिला मिळालेलं नाही. "तूही तसाच होतास का?" हे तिने तुमच्याबद्दल विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलंत सिनेमाबद्दल. अबोला तिथून सुरू झाला. ती चावट विनोदाला नाकं मुरडणारी आहे असं तुमच्या पत्रातून मला कुठेच दिसत नाही. सुरुवातीला ती हसली हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ती एका ठरावीक ठिकाणी थांबली. आणि तुम्हीही तिथेच थांबलात, फक्त तिला ते कळू दिलं नाहीत.

ते ठिकाण नीट बघू या. सिनेमा 1999 चा. शाळेच्या शेवटच्या वर्षातली चार पोरं आपलं कौमार्य संपवायची शपथ घेतात, इतकीच गोष्ट. त्यात ज्या दोन प्रसंगांची सर्वांत जास्त चर्चा होते, ते शेजारी ठेवून पाहा. पहिला स्वयंपाकघरातला. त्या चौघांतला जिम घरात एकटा आहे, ओट्यावर सफरचंदाचं सारण भरलेला ताजा ॲपल पाय आहे, मित्राचं काहीतरी अर्धवट ज्ञान त्याच्या डोक्यात घोळतंय, आणि नको त्या क्षणी बाप घरात येतो. चावटपणात या प्रसंगाने काही म्हणजे काही शिल्लक ठेवलेलं नाही. पण इथे अब्रू जाते ती जिमची, आणि ती त्याच्याच हाताने जाते. शिवाय तो बाप पाहा. युजीन लेव्हीने ती भूमिका केली आहे. तो आरडाओरडा करत नाही, हात उगारत नाही. तो अवघडतो, शब्द शोधतो, आणि आईला हे कळू नये म्हणून काय करायचं तेही तोच सुचवतो. आपण हसत असतानाच त्या बापाबद्दल आपल्याला माया वाटायला लागते. हा प्रसंग आजही तितकाच चालतो असं माझं ठाम मत आहे, आणि तुमची बायको इथे हसली असणार अशी माझी अटकळ आहे.

दुसरा प्रसंग नादियाचा. ती परदेशातून शिकायला आलेली मुलगी. जिमच्या घरी अभ्यासाला येते, त्याआधी तिला कपडे बदलायचे असतात. जिम मित्रांच्या सांगण्यावरून खोलीत वेबकॅम लावून ठेवतो आणि धावत मित्राच्या घरी जातो, सगळ्यांनी मिळून बघायला. लिंक चुकून अख्ख्या शाळेला जाते. पुढे जिमचीही जाहीर फजिती होते, आणि सिनेमाला वाटतं की विनोद त्या फजितीचा आहे. पण नादियाला तिथून परत मायदेशी पाठवून देतात. हे एका वाक्यात उरकलंय. ज्या मुलीने काहीच केलं नाही तिला सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते आणि गोष्ट पुढे सरकते.

1999 मध्ये घरातला वेबकॅम ही नवलाईची चीज होती. आज चोरून केलेलं चित्रण म्हणजे काय, त्याने एखादीचं आयुष्य कसं उद्ध्वस्त होतं, हे आपण बातम्यांत वाचतो आणि ओळखीपाळखीत ऐकतो. अनेक देशांत तो गुन्हा आहे. प्रसंग तोच राहिला, पण बघणाऱ्याला आता जे ठाऊक आहे ते पुसून टाकता येत नाही.

या सिनेमाच्या शेवटाकडे मी तुमचं मुद्दाम लक्ष वेधते. जिम पुन्हा वेबकॅमसमोर उभा राहतो आणि दूरदेशी बसलेल्या नादियासाठी स्वतः कपडे उतरवत नाचतो. मला नेहमी वाटत आलंय की लिहिणाऱ्यालाही हा हिशेब कुठेतरी टोचत होता आणि शेवटी तो चुकता करायचा त्याने प्रयत्न केला. पण हिशेब जुळत नाही. कारण जिमला कॅमेरा चालू आहे हे माहीत आहे. नादियाला नव्हतं.

आता हॉस्टेलकडे. तुम्ही लिहिलंय, दहाबारा पोरं एका कॉम्प्युटरभोवती. पडद्यावर काय चाललं होतं? कॉम्प्युटरभोवती जमलेली पोरंच होती. तुम्ही त्यांच्याच घोळक्यात बसून तो प्रसंग पाहत होता, तुमची जागा सिनेमानेच ठरवून दिली होती. बायकोला त्या घोळक्यात जागा नाही. तिने तो प्रसंग खोलीच्या आतून पाहिला, नादियाच्या बाजूने. आणि या वेळी तुम्ही तिच्या शेजारी बसल्यामुळे तुम्हालाही तो तिथून दिसला. तुम्ही म्हातारे झाला नाहीत. जागा बदलली.

तेव्हा हसलात ते चुकलं का, यावर मी तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार नाही. माणूस घोळक्यात असला की त्याचं हसू त्याच्या एकट्याचं नसतं. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने माणसं प्रत्यक्षात कधी हसतात याच्या बारीक नोंदी केल्या. एकट्याने असण्यापेक्षा चारचौघांत असताना हसण्याचं प्रमाण सुमारे 30 पट जास्त, असं त्यात आढळलं. आणि गप्पांमधलं बहुतेक हसू विनोदावर नसतंच, अगदी साध्या बोलण्यावर असतं. तुम्ही रूमवर हसलात त्यात सिनेमाचा वाटा किती आणि शेजारच्याच्या मांडीवर थाप मारण्याचा किती, हे आज सांगता येणार नाही. विशीतल्या मुलांना शरीराबद्दल भीती असते, अडाणीपण असतं, आणि ते उघड बोलायची सोय नसते. पडद्यावरचा पोरगा आपल्याहून बावळट निघाला की छातीवरचा दगड उतरतो. त्या सिनेमाने तुम्हाला तो दिलासा दिला, आणि तो खरा होता. त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

मात्र त्या वेळचं हसू आपसूक आलं होतं, परवाचं तुम्ही ओढून आणलंत. हसू येत नसताना हसलात, कारण बायकोला दाखवायला आणलेली तुमची जवानी डोळ्यांदेखत फसत होती. तिथे तुम्ही गप्प बसला असतात किंवा "हे मला आठवतच नव्हतं, आज बघवत नाहीये" इतकं म्हणाला असतात, तर तिने तो प्रश्न वेगळ्या सुरात विचारला असता.

यात अपेक्षेचाही भाग आहे. चावट सिनेमाला जाणारा प्रेक्षक पोस्टर आणि ट्रेलर बघूनच मनाची तयारी करून जातो. आपण कशासाठी आलोय हे त्याला माहीत असतं, शेजारी कोण बसणार तेही त्याने ठरवलेलं असतं. तुमच्या बायकोकडे यातलं काहीच नव्हतं. तिच्याकडे फक्त तुमची शिफारस होती: आम्ही लोळून हसायचो. अशी शिफारस ऐकून बसलेल्या माणसाला हसण्याचं ओझं होतं. आणि शिफारस करणारा पडद्याऐवजी शेजारच्याचा चेहरा बघत बसतो. 'आता हसेल, आता हसेल' अशी वाट बघणाऱ्याला स्वतःला तरी हसू कुठून येणार? ट्रेलरमध्ये सगळे मोठे विनोद आधीच दाखवून टाकणारे निर्माते हीच चूक करतात. चावट विनोद जगतो तो अचानक येण्यावर. तो येतोय हे ठाऊक झालं की उरतो तो नुसता किळसवाणा तपशील.

तुमच्या मित्रांचं म्हणणं, असले सिनेमे आता निघूच शकत नाहीत. मला ते पटत नाही. अमेरिकेत 1934 पासून हेज कोडची कडक अंमलबजावणी सुरू झाली. पडद्यावर काय दाखवायचं, काय बोलायचं, सगळ्याला नियम. तेव्हाही चावटपणा मेला नाही. तो बंद दाराआड, अर्ध्या वाक्यात, भुवई उंचावण्यात जाऊन बसला. 1959 मध्ये बिली वाइल्डरने पुरुषांना बायकांच्या वेशात पाठवून केलेला 'सम लाइक इट हॉट' हा सिनेमा त्या कोडच्या मंजुरीशिवायच प्रदर्शित झाला आणि तुफान चालला. 1968 मध्ये कोड जाऊन वयानुसार वर्गवारी आली, मग दारं उघडली. 1978 चा 'ॲनिमल हाऊस', 1998 चा 'देअर्स समथिंग अबाउट मेरी', मग तुमचा तो सिनेमा. प्रत्येक नव्या सिनेमाला आधीच्यापेक्षा एक पायरी पुढे जाणं भाग पडत गेलं, कारण प्रेक्षक आदल्या धक्क्याला सरावलेला. 'द हँगओव्हर' 2009 मध्ये आला आणि गाजला. 2011 मध्ये त्याचा दुसरा भाग आला, तर पुन्हा लग्न, पुन्हा विसरलेली रात्र, पुन्हा हरवलेला माणूस, फक्त लास व्हेगसच्या जागी बँकॉक. समीक्षकांनी त्याला धारेवर धरलं ते अश्लील म्हणून कमी आणि शिळा म्हणून जास्त. त्यानंतरच्या वर्षांत थिएटरमधले विनोदी सिनेमे रोडावले हे खरं आहे, पण त्यामागे धंद्याची कारणं मोठी आहेत. लोक विनोदी सिनेमा घरबसल्या बघू लागले, आणि मोठ्या स्टुडिओंना देशोदेशी चालणारा माल हवा असतो. मारामारी कुठेही कळते, चटकदार संवाद भाषा ओलांडताना सांडतो. तरीही 2023 मध्ये जेनिफर लॉरेन्सचा 'नो हार्ड फीलिंग्ज' थिएटरमध्ये लागलाच, आणि तो काही सोवळा नाही.

लोकांना विनोद पचत नाही, हे वाक्य मी फार ऐकते आणि दरवेळी मला त्याचं वाईट वाटतं. एखादा प्रसंग बघून एक माणूस हसला नाही, तर त्याला का हसू आलं नाही हे विचारायची तसदी त्यात वाचते. तुमच्या मित्रांनी तुमच्या बायकोला ओळखत असूनही तिला एका फटक्यात 'हल्लीचे लोक' करून टाकलं.

चावटपणा आणि माया एकत्र नांदू शकतात याचा दाखला हवा असेल तर 2011 चा 'ब्राइड्समेड्स' बघा. लिहिलाय ॲनी मुमोलो आणि क्रिस्टन विग या दोघींनी, आणि मूळ पटकथेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन होतं. त्यात लग्नाच्या कपड्यांच्या महागड्या दुकानातला एक प्रसंग आहे. नवरीच्या मैत्रिणींनी आधी जिथे जेवण केलं ते बाधलंय, आणि अंगावर झुळझुळीत पोशाख चढवलेले असताना एकेकीचं पोट बिघडायला लागतं. पुढे जे होतं ते कुठल्याही पोरांच्या सिनेमाला मागे टाकेल. पण माझ्या मते त्या प्रसंगाचा प्राण दुसरीकडे आहे. जेवणाची जागा सिनेमाची नायिका ॲनी हिने निवडली होती, म्हणून ती कबूलच करत नाही की तिलाही मळमळतंय. तिची प्रतिस्पर्धी हेलन तिच्यासमोर उभी, अगदी टवटवीत. ॲनीचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, आणि हेलन खायला पुढे करते तो साखरेत घोळलेला बदाम. ॲनी तो घेते. तोंडात टाकते. चावते. आपल्याला हसू येतं ते तिच्या हट्टाचं. हरायचं नाही म्हणून माणूस काय काय गिळतो ते दिसतं, आणि ते आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलेलं असतं.

स्वयंपाकघरातला जिम आणि दुकानातली ॲनी, दोघंही आपापल्या वासनेने, आपापल्या अहंकाराने पडतात. विनोद किती खालच्या पट्टीतला आहे याचा मी फार विचार करत नाही. पडतं कोण आणि त्याला ढकललं कोणी, हे मी बघते.

आपल्याकडे दादा कोंडक्यांनी चावटपणाची जी तऱ्हा बसवली ती याहून निराळी. 1971 च्या 'सोंगाड्या'पासूनचा त्यांचा नायक आठवा: लोंबती नाडी, भाबडा चेहरा. तो जे बोलतो त्यातला शब्द न् शब्द सरळ, वाकडा अर्थ लागतो तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात. पकडला जातो प्रेक्षक! सगळं थिएटर एकदम हसतं आणि आपल्याला कळलं हे शेजारच्याला कळलं, म्हणून आणखी हसतं. त्यातही सगळं निर्दोष होतं असं मी म्हणणार नाही. बाईचं शरीर हाच विषय अनेकदा असायचा. पण त्या भाबडेपणात एक आडोसा होता. ज्याला हसायचं नाही तो 'मला काही कळलंच नाही' असं दाखवून सुटू शकायचा. उघड्यावागड्या विनोदात ती मोकळीक राहत नाही, म्हणून तो कोणासोबत बघायचा याचा विचार जास्त करावा लागतो.

आता करायचं काय. मित्र, पार्टी वगैरे नंतर. आधी बायकोशी बोला, आणि पुन्हा सिनेमा लावून नाही. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या. तुम्ही तेव्हा त्या पोरांसारखे होता का? असाल थोडेफार. हॉस्टेलमध्ये मुलींबद्दल जे बोललं जायचं त्यात तुम्ही गप्प राहून सामील झाला असाल, कधी एखाद्या बोलण्यात भर घातली असेल, किंवा काही खुपलं तरी बोलायची छाती झाली नसेल. जे होतं ते सांगा. स्वतःला राक्षस ठरवायला जाऊ नका, त्याने तिच्यावरच तुमची समजूत काढायची वेळ येईल. आणि परवा त्या प्रसंगाला तुम्हालाही हसू येत नव्हतं, हे नक्की सांगा. इतक्या दिवसांत तिला वाटत असेल की ती एकटीच थांबली होती.

मग तिला विचारा की त्या प्रसंगात तिला काय आठवलं. विचारून गप्प बसा. कदाचित काहीच आठवलं नसेल, नुसता राग आला असेल. कदाचित एखादी जुनी गोष्ट असेल, कॉलेजमधली, बसमधली, ऑफिसमधली, जी तिने तुम्हाला कधी सांगितली नाही. सांगितली तर मध्ये तोडू नका, आणि त्या माणसाची बाजू समजावून द्यायला तर मुळीच जाऊ नका. तिला सांगायचं नसेल तर खोदून विचारू नका.

भेटीच्या रात्रीबद्दल. 'तसलाच धमाल' असं म्हणून सिनेमा लावला की तुमच्या घरी झालं तेच चार जोडप्यांत मिळून होईल, आणि चारचौघांत तोंड दाबून बसणं घरच्यापेक्षा अवघड. मित्रांना सरळ सांगा की जुना सिनेमा पुन्हा पाहिला आणि तो तुम्हालाच पचला नाही. 'बायकोला आवडत नाही' असं सांगून तिच्या आड लपू नका. ते खोटंही ठरेल आणि तिला त्या घोळक्यात एकटं पाडेल. चावट सिनेमा लावायला माझी काहीच हरकत नाही. जोडीने, मोकळेपणाने असलं काही बघून हसणारी माणसं मला आवडतात. फक्त कोणीतरी तो आधी पूर्ण पाहिलेला असू द्या, ट्रेलरवर जाऊ नका, आणि काय प्रकारचा आहे हे सगळ्यांना आधी कळवा, म्हणजे ज्याला नको त्याला नाही म्हणता येईल. सिनेमाच्या प्रमाणपत्रावरून प्रेक्षकाचं वय कळतं, विनोदाची जात कळत नाही. प्रौढांसाठीच्या एकाच शिक्क्याखाली ॲनीही बसते आणि नादियाचा प्रसंगही.

'ब्राइड्समेड्स' चालेल असं मला वाटतं, पण जेवणं उरकायच्या आत लावू नका. आणि निवड शेवटी तुमच्या बायकोला करू द्या, तिला ती करायची असेल तर.